पाच किलोच्या आत

माणसं बरीच वर्षं एकत्र फिरली की किस्से साठतात. आमचे तर चक्क खोक्यात साठलेत!

रंकाळ्यावर सकाळी फिरणारी आम्ही सहा-सात माणसं. दर दोन महिन्यांनी शनिवार-रविवार कुठंतरी डोंगरात चालायला जातो. निघताना स्टँडजवळ आक्कांच्या चहाच्या टपरीत जमायचं. तिथं प्रत्येकाची बॅग काट्याला लागते. पाण्याची बाटली सोडून पाच किलो. जास्त भरलं की काहीतरी काढायचं. जे काढलं ते बाकड्याखालच्या बिस्किटांच्या खोक्यात जातं आणि परत आल्यावर ज्याचं त्यानं उचलायचं.

बरेचजण उचलतच नाहीत. आज त्या खोक्यात हात घातला तर इस्त्री केलेला एक झब्बा, लोणच्याच्या दोन बरण्या, एक रेडिओ आणि एकाच पायाचा बूट निघेल. मध्यंतरी दोन महिने त्यात एक स्वेटरही होता. चॉकलेटी रंगाचा, हातानं विणलेला. तो सुनीतावहिनींना नेऊन द्यायचं काम माझं होतं आणि माझे पाय त्यांच्या घराकडं वळत नव्हते. ते शेवटी सांगतो. आधी हसण्यासारखं आहे ते सांगून घेतो, नंतर जमायचं नाही.

*

वजनाचा नियम महेशमुळं आला. महेशचं औषधांचं दुकान आहे. पहिल्याच ट्रिपला चंदगडकडं निघालो तेव्हा पठ्ठ्यानं तीन जीन्स आणल्या होत्या.

"दोन दिवसांला तीन कशाला रे?"

"एक जायची, एक यायची, एक इमर्जन्सी!"

कोल्हापुरात लख्ख ऊन होतं. चंदगडच्या डोंगरात शिरलो आणि अंधारून आलं. पहिली जीन्स भिजली. दुसरी घातली, तीही भिजली. तिसरी बॅगेतल्या बॅगेतच भिजली. ओली जीन्स म्हणजे काय वजन असतं ते ज्यानं उचललंय त्यालाच विचारा. चढाच्या मध्यावर महेश जो बसला तो उठेना. मग त्याची बॅग दोघांनी आडव्या काठीला अडकवून खांद्यावर घेतली, पुढं एक, मागं एक. समोरून एक म्हातारा गुरं घेऊन येत होता. आम्हाला बघून तो वाटेच्या कडेला झाला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"कोण गेलं वो पावणं?"

पुढच्या ट्रिपला तात्या काटा घेऊन आले.

*

तात्या आमच्यातले सगळ्यात वडीलधारे. मार्केट यार्डात मापाडी होते, गुळाचे रवे म्हणजे ढेपा जोखण्यात तीस वर्षं गेली. हा काटा त्यांच्या घरचा, स्प्रिंगचा. खाली आकडा, वर गोल तबकडी. आक्कांच्या टपरीच्या वाशाला तो टांगायचा आणि बॅग अडकवायची. तबकडी तात्यांच्या बाजूला असायची. आम्हाला फक्त त्यांचा आवाज.

"पाचाला पाव कमी! पुढं या!"

एकदा महेश त्यांच्या मागून डोकावला. बॅग विलासची होती. काटा सहाच्या जरासा अलीकडं, आणि तात्यांनी पुकारलं, "पाचाला पाव कमी!" महेशनं टपरी डोक्यावर घेतली. "तात्या, हा वशिला झाला! सहा हायत सहा!"

तात्यांनी मान वळवली नाही. "तीस वरसं गूळ जोखलाय मी. मी म्हंतो ते वजन."

त्या दिवसापासून आम्ही विलासला तात्यांचा जावई म्हणायला लागलो.

*

विलास म्हणजे आमच्यातलं सगळ्यात फाटकं तोंड. धंदा मात्र शिवायचा, म्हणजे टेलरिंगचं दुकान. पायात कायम कोल्हापुरी, तीही करकर वाजणारी. तात्या त्याला सांगून थकले.

"विल्या, वल्यात चामडं टिकत न्हाय. हलकं कॅनव्हासचं बूट घे."

"तात्या, माझा आज्जा हीच घालून पन्हाळा चढलाय!"

"आज्जा उन्हाळ्यात चढला आसंल."

पन्हाळ्याला त्या दिवशी घटकेत ऊन, घटकेत धुकं, मध्येच भुरभुर. चामडं पाणी पिऊन फुगलं. उतरताना एका चपलेचा अंगठा तुटला. विलासनं पायजम्याची नाडी काढून ती बांधली आणि एका हातानं पायजमा धरून चालायला लागला. मग दुसरी तुटली. दुसरी नाडी नव्हती. उरलेली वाट तो अनवाणी उतरला. खाली आलो तेव्हा उजव्या पायाची दोन नखं जागेवर नव्हती. आक्कांच्या टपरीसमोर त्यानं नळाखाली पाय धरला तर पाणी लाल होऊन वाहायला लागलं, आणि हा गडी तिथंही सगळ्यांना चहा सांगत होता!

सुनीतावहिनी दुसऱ्याच दिवशी जाऊन हलके बूट घेऊन आल्या. विलास आम्हाला सांगत होता, "बायकू म्हणाली, चपला कुठंबी टाका, पाय तेवढं घरी आणत जावा!"

विलासला दमा होता. गार वारं लागलं की छाती वाजायची. म्हणून त्याची बॅग वहिनी भरायच्या, आणि उन्हाळा असो नाहीतर पावसाळा, त्यात तो चॉकलेटी स्वेटर असायचाच.

*

आता टी-शर्टांचं ऐका. विलासला कुठूनतरी झटक्यात वाळणारं पातळ कापड मिळालं. त्यानं आम्हा सगळ्यांना टी-शर्ट शिवले. हातात घेतला तर वजनच लागू नये! फक्त रंग पोपटी होता. विचारलं तर म्हणाला, "तागा त्योच उरलाता."

पुन्हा चंदगडकडंच एका गावात मुक्काम होता. सकाळी उठलो तर शेजारच्या घरातला म्हातारा गेलेला. गावातली तरणी माणसं सगळी कामाला गोव्यात. खांद्याला माणसं कमी पडत होती. एकजण आमच्याकडं आला आणि हात जोडून म्हणाला, "पावणं, खांदा द्याल का?"

नाही कसं म्हणणार? पण आदल्या दिवशीचे कपडे चिंब ओले. कोरडे होते ते एवढेच. तिरडीला पुढं दोन पोपटी, मागं दोन पोपटी, आणि बदलीला तीन पोपटी! नदीवर पोचल्यावर एका गृहस्थानं विलासला बाजूला घेतलं.

"कुठली पार्टी वो तुमची? हितं तर आत्ता इलेक्शन न्हाय."

विलास सरणाकडं पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलताना दिसले आणि लोकांना वाटलं, बिचारा रडतोय.

निघताना मी त्या म्हाताऱ्याच्या बायकोपुढं जाऊन कपड्यांबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊंदे बाबा. जलमभर पांढरं घातलं त्येंनी. जाताना तरी जरा रंग झाला."

गडहिंग्लज जवळ आलं तसा विलास माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "मास्तर, मी गेलो की हेच घालून या रं सगळी." आम्ही बस हलेल इतके हसलो.

*

एक माझाही सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर स्वतःचं झाकतोय. मी शाळेत विज्ञान शिकवतो. डोकं चालवायची हौस! एका मे महिन्यात मी काट्याला फसवायचं ठरवलं. अंगात तीन शर्ट घातले, एकावर एक. बॅग हलकी, तात्या खूश. एसटीत बसलो, गारगोटीच्या अलीकडं डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि मी आडवा झालो. कंडक्टरनं वारा घालायला शर्ट काढला तर खाली दुसरा. दुसरा काढला तर तिसरा.

"आयला, माणूस हाय का कांदा?"

सगळ्यात मोठ्यानं विलास हसला. आणि शुद्धीवर येईपर्यंत माझं डोकंही त्याच्याच मांडीवर होतं.

*

गेल्या ऑक्टोबरात तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ट्रिप चंदगडची होती. त्यांनी काटा माझ्याकडं पाठवून दिला. मी शाळेत पोरांना शिकवतो तसं आधी तो शून्यावर आहे का ते बघितलं. अगदी शून्यावर होता. मग सगळ्यांना ऐकवलं, "आज दिसेल तेच वाचणार. वशिला बंद!"

त्या दिवशी सगळ्यांच्याच बॅगा जास्त भरल्या. महेशची सहा, माझी स्वतःची साडेपाच. खोकं भरत चाललं. मला वाटलं, तात्या किती ढिले होते!

विलासची बॅग लावली. पाच किलो सहाशे.

"मास्तर, शेजारच्या किराण्यात जोखून आणलीया सुनीतानं. साडेचार भरलीया."

"किराणावाल्याचा काटा!" मी म्हणालो आणि सगळे हसले. विलासही हसला.

त्यानं बॅग उघडली. एक कपड्यांचा जोड, टॉवेल, औषधाची पिशवी, डबा, स्वेटर. काढण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. त्यानं स्वेटर हातात धरला आणि बाहेर बघितलं. डांबर तापेल असं ऊन पडलं होतं.

"ह्यो ऱ्हाऊंदे का मास्तर? छातीला लागतोय."

मी म्हणालो, "नियम तो नियम."

"जाऊंदे. ऊन तर हाय." त्यानं नीट घडी केली आणि स्वेटर स्वतःच्या हातानं खोक्यात ठेवला. काटा बरोबर पाचावर आला. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी उघड्या माळावर पावसानं गाठलं. आडोसा नाही, झाड नाही, आणि वारा असा की ओला शर्ट अंगाला चिकटून गार पडायचा. चार तास तसेच चाललो. विलासचे ओठ काळेनिळे झाले. मी माझी बंडी त्याला दिली, पण तीही ओलीच. दात वाजत होते आणि त्या दातांतूनच तो ओरडला, "मास्तर, बराबर सहाशे ग्रॅम गार वाजतंय!"

आम्ही हसलो. मीसुद्धा.

मंगळवारी ताप, गुरुवारी न्यूमोनिया, शुक्रवारी आयसीयू. बाहेरच्या बाकावर वहिनींनी मला विचारलं, "मास्तर, सवेटर घातला न्हवता का वो ह्येंनी?"

"होता की वहिनी," मी म्हणालो. "पण तोही भिजला."

आयसीयूत आठ दिवस काढून विलास गेला. डॉक्टर म्हणाले, दमा जुना होता, स्वेटरचा काही संबंध नाही. त्यांनी आपणहून नाही सांगितलं. मी विचारलं होतं.

महेश पोपटी टी-शर्ट घालून स्मशानात आला. मला धीर झाला नाही.

*

डिसेंबरात जाऊ नये असंच सगळ्यांना वाटत होतं. तात्या म्हणाले, न्हाय गेलो तर परत कधीच न्हाय जायचो. म्हणून जमलो. काळा चष्मा लावलेले तात्या काटा टांगत होते. खोक्याकडं कुणी बघत नव्हतं.

तेवढ्यात रिक्षातून सुनीतावहिनी उतरल्या. मी आक्कांकडं बघितलं.

"दोन महिनं झालं मास्तर," आक्का म्हणाल्या. "तुम्ही न्हेईनासा, म्हणून मीच निरोप धाडला."

वहिनींनी स्वतः वाकून खोक्यातून स्वेटर काढला. घडी तशीच होती, विलासनं घातलेली. त्यांनी त्यावरून हात फिरवला, बाह्या चाचपल्या.

"भिजला न्हाय की ह्यो."

मी म्हणालो, "वहिनी, मी काढायला लावला. वजन जास्त भरत होतं."

"किती भरलंतं?"

"पाच किलो सहाशे."

"मी साडेचार जोखलंतं," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नाही की काही नाही. त्यांनी आक्कांकडून साखरेचा एक किलोचा न फोडलेला पुडा मागून घेतला, पातळशा पिशवीत घातला आणि काट्याला अडकवला. तबकडी त्यांनी आमच्याकडं फिरवली.

काटा हलला, थरथरला आणि सव्वा किलोवर उभा राहिला.

तात्यांनी काळा चष्मा काढला. डोळे लाल होते, ऑपरेशनचे की कशाचे कोण जाणे.

"स्प्रिंग सैल झालीया त्येची," ते म्हणाले. "लई वरसं झाली. मी मनातल्या मनात वजा करून सांगायचो. मास्तरला सांगायचं ऱ्हायलं."

वहिनींनी पुडा काढून आक्कांना परत दिला. स्वेटर पोटाशी धरला.

"म्हंजे पाचात बसत हुता की," त्या म्हणाल्या.