दोन फायली, एक माणूस

बाळांनो, फोनवर मी ‘आजोबा बरे आहेत’ एवढंच सांगितलं. ते पुरतं खरं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

त्यांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या बंद झाल्या होत्या, आणि त्याच महिन्यात मोठ्या आतड्यात कर्करोग निघाला. आदिलाबादहून आम्ही नागपूरला गेलो. हृदयाचे डॉक्टर म्हणत, आधी बायपास, पोटाचं नंतर पाहू. पोटाचे म्हणत, हे हृदय भूल सोसणार नाही. आजोबा दिवसेंदिवस पांढरे पडत होते. मी जन्मभर इंग्रजी शिकवलेली शिस्तीची बाई. निळ्या फायलीत हृदयाचे कागद, पिवळीत पोटाचे. ज्या डॉक्टरांकडे जायचं, त्यांचीच फाईल आत न्यायची. मी रोज बुद्धवंदनेत त्रिशरण म्हणत होते, पण शरण जाऊन होतं काय, ही शंका मनातून जात नव्हती.

एका दुपारी बाकावर शेजारी भीमपूरकडच्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. माझ्या मांडीकडे पाहून म्हणाल्या, “दोन मानसं बिमार हायेत का वं माय?”

“नाही, एकच. हे हृदयाचं, हे पोटाचं.”

“मंग डाक्टरले कसं समजन, मानूस एकच हाय म्हून? एवढी शिकली न् एवढं नाई समजलं?” हसत हसत त्यांनी लुगड्याच्या काठाची चिंधी फाडली आणि दोन्ही फायली करकचून बांधल्या. मला राग आला. पण गाठ सुटेना, तेवढ्यात नंबर लागला, तशीच आत गेले.

हृदयाच्या डॉक्टरांनी चिंधी कापून दोन्ही फायली वाचल्या. हृदयासाठी दिलेल्या, रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे आतड्यातून जास्तच रक्त जात होतं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. दोन्ही डॉक्टर एकत्र बसले आणि ठरलं, एकाच भुलीत आधी छाती, मग पोट. ‘टेबलावरच जाऊ शकतात,’ असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी सही केली. बाहेर बसून नीट लावायला हातात एकही कागद नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा त्रिशरण म्हणताना मी काही मागितलं नाही.

आजोबा वाचले. पोटाला शौचाची पिशवी लावली आहे, आणि कर्करोग पुढे पसरलेला आहे.

तिसऱ्या दिवशी मी त्या बाईंना शोधायला गेले, तेव्हा कळलं. त्यांचा मुलगा आदल्या दिवशी गेला होता. त्या त्याचा देह घेऊन गावी परतल्या होत्या. त्यांचं कोण आजारी आहे, हे मी विचारलंही नव्हतं.

रोज पिशवी बदलताना मी मनात त्यांना हात जोडते. किती दिवस उरले, हे डॉक्टरांना विचारणं सोडलं आहे. आज आजोबांनी अर्धी भाकर खाल्ली. तुम्ही सुट्टी लागायची वाट पाहू नका. आधीच या.