दोन बाजार झाले की

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतची. ऱ्हस्व-दीर्घ अजून कळत नाही, आणि अक्षर म्हणजे ओल्या शेतातून कोंबडी चालत गेल्यासारखं. सांभाळून वाचा.

"घाई नोका करू. लोखंड हाय, पळून नाही जात." असं म्हणून मिस्त्री हातातली काळी काच कपाळावर टेकवायचे आणि गिऱ्हाइकाकडे बघायचे. बोरी अरबच्या बाजाराच्या कडेला टिनाखाली त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. तुम्ही तेव्हा त्या बाजाराला गेला असाल, तर वखराची मोडकी पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, घेऊन उभी असलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. गिऱ्हाईक जितकं घाईत, तितके मिस्त्री सावकाश.

ते टेप वापरत नसत. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, वाळलेली काडी मापाला लावायची, तिथेच मोडायची, आणि तेवढं लोखंड कापायचं. एकाने विचारलं, "मिस्त्री, टेप कायले नाही घेत? पन्नास रुपयाले भेटते."

"टेपवर साऱ्या दुनियेचं माप असते. मले तुह्या पासेचंच पाह्यजे."

दिवसही ते असेच मोजायचे. उद्या, परवा, पंधरवडा काही नाही. एक बाजार, दोन बाजार. आठवड्याचा बाजार भरला की त्यांचा एक आकडा पुढे. लग्नाला किती वर्षं झाली असं कोणी विचारलं, तर म्हणायचे, "हजारेक बाजार झाले असतीन." त्यांची बायको डबा घेऊन आलेली असायची. ती तिथूनच म्हणायची, "हजार बाजार झाले, पण एकाही बाजारातून लुगडं नाही आलं." सगळे हसायचे. मिस्त्री सगळ्यात जास्त.

आमच्याकडे एक जुनी जीप आहे. माझे मालक, म्हणजे आमचे हे, तिच्यातून टेकडीवरच्या तांड्यांना किराणा नेऊन विकतात. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकोऱ्या अशा खोल पडतात, की जीपचं पोट घासायचं. नाल्यात पाणी असलं की इंजिनात जायचं आणि गाडी मधेच बंद. मग गुळाच्या भेल्या डोक्यावर घेऊन मी काठावर. यवतमाळच्या एका दुकानात जीप उंच करायचे साठ हजार सांगितले. "साठ हजारात दुसरी जीप येते," म्हणून हे मिस्त्रीकडे आले.

मिस्त्री जीपखाली इतका वेळ पडून राहिले, की मला वाटलं झोपले. बाहेर आले आणि म्हणाले, "नऊ हजार. भंगार माह्यं, चहा तुमचा." सहा आधी दिले, तीन नंतर द्यायचे ठरले.

मोडक्या ट्रॉलीच्या जाड लोखंडाचे ठोकळे कापून त्यांनी चाकाच्या आसावर, स्प्रिंगच्या पाट्यांच्या खाली बसवले. लांब बोल्ट घालून ते आवळले. जीप चार बोटं वर आली. मग तुषारसंचाचा एक जुना पाइप इंजिनापासून काचेच्या कडेने टपापर्यंत चढवला. नाल्यात उतरली तरी गाडीने वरून श्वास घ्यावा म्हणून. येणारे-जाणारे म्हणायचे, "भाऊ, जीपले सोंड फुटली!"

पाइपाचं तोंड मात्र उघडं होतं. मिस्त्री विचार करत बसले आणि एकदम माझ्याकडे वळले. "वहिनी, या मोसमात कापूस उडते, धूळ उडते. सोंडेत जाईन. काय लावू सांगा?"

गाडीतलं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी खाली बघून म्हटलं, "चहाची गाळणी."

मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "पाहा! तीस वर्षं लोखंड जाळून राह्यलो, मले नाही सुचलं." शेजारच्या टपरीतून गाळणी आणली आणि बसवली. पुढे जो येईल त्याला सांगायचे, "हे वहिनीचं डोकं हाय." मला लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं.

काम संपलं तेव्हा हे किराणा भरायला गेले होते. मिस्त्री मला म्हणाले, "वहिनी, ध्यानात ठेवजा. बोल्ट नवीन हायेत, चालून चालून ढिले पडतात. दोन बाजार झाले की गाडी आणजा, आवळून देतो. त्याचे पैसे नाही. भाऊले सांगजा."

मी मान हलवली.

मी सांगितलं नाही.

विसरले असते तर आज हे लिहिलं नसतं. मला आठवत होतं. पण दुसरा बाजार आला त्याच दिवशी फुलसावंगीकडे माझ्या माहेरी भाच्याचं लग्न होतं. सांगितलं असतं तर जीप बोरीला गेली असती आणि मी एस.टी.ने. उंच झालेल्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून मला माहेरी उतरायचं होतं. मी मनाची समजूत घातली, की बाजार म्हणजे कोणता? बोरीचा की आमच्या गावचा? दोन म्हणजे दोनच थोडे असतात.

माहेरी माझ्या वहिन्यांनी जीपची सोंड हात लावून पाहिली. माझं मन भरलं.

परतताना नाल्याच्या उतारावर खालून कड् असा आवाज आला. मागचा आस सरकला आणि जीप तिरकी होऊन खड्ड्यात गेली. मला खरचटलं. यांच्या खांद्याचं हाड मोडलं. उचलायला आलेल्या गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिलं. "काम तं पक्कं हाय. फक्त कोणी आवळलं नाही."

"तेच तं! त्यानं आवळलंच नाही," हे ओरडले.

मी पदराने गुडघा पुसत होते.

पुढच्या बाजाराला हे गळ्यात हात बांधून मिस्त्रींसमोर उभे राहिले. मी पिशवी धरून मागे. "माणसं माराले बसला का इथं? बोल्ट ढिले ठेवले!"

मिस्त्रींनी काच खाली ठेवली. एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी पिशवीची गाठ सोडून परत बांधली. ते यांच्याकडे वळले. "चूक झाली भाऊ."

"मंग तीन हजार विसर."

"विसरलो."

बाजारात शब्द माणसाच्या आधी घरी पोचतो. "जीपवाल्याचं हाड मोडलं ना, तेच मिस्त्री" एवढंच लोक बोलू लागले. आधी ट्रॉल्यांची कामं बंद झाली, मग वखराच्या पासा. दोन वर्षांत टिन उतरलं. वणीच्या पुढे राजूरला कोळशाच्या ट्रकांच्या गॅरेजात ते मजुरीने राहिले असं कळलं. आमची जीप मात्र त्याच ठोकळ्यांवर आजही नाले पार करते. दुसऱ्या कोणी नुसते बोल्ट आवळून दिले.

या वर्षी कापूस वेचणीच्या मजुरीचे माझे स्वतःचे तीन हजार जमले. दुपारी हे जेवत होते तेव्हा मी ताटाकडे बघत सगळं सांगितलं. यांचा घास हातात राहिला. "काहून नाही सांगितलं?"

"लग्नाले जायचं होतं."

यांनी घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "त्याले मी भर बाजारात बोललो." आणि ताट सरकवलं.

मी आधी बोरीला गेले. मिस्त्रींच्या जागेवर आता रसवंती आहे. तिथे बसलेल्या चार माणसांसमोर, माझा आवाज मलाच ऐकू येईना तरी म्हटलं, "मिस्त्रींची चूक नव्हती. त्यांनी मला सांगितलं होतं. मीच घरी सांगितलं नाही."

रस काढणाऱ्याने विचारलं, "कोणते मिस्त्री?"

दुसऱ्या दिवशी राजूरला गेले. एका खोलीचं घर, दाराशी कोळशाची काळी धूळ. मिस्त्री खूप वाळले होते. बायकोने पाणी दिलं. ते म्हणाले, "गाडी कशी हाय वहिनी?"

मी रडायला लागले. "तुम्ही तेव्हा काहून नाही बोलले?"

"तुमच्या घरचं भांडण मी बाजारात कायले मांडू?"

"मी बोरीत जाऊन सांगितलं. खरं काय ते."

"आता कोणाले सांगता?" ते हळू म्हणाले. रागाने नाही. तेच मला जास्त लागलं.

मी तेव्हाचे राहिलेले तीन हजार पुढे ठेवले. त्यांनी सावकाश मोजले, त्यातली शंभराची नोट काढून मला परत दिली. "आवळायचं राह्यलं ना माह्यं. तेवढे कमी."

"त्याचे पैसे नव्हते, तुम्हीच म्हटलं होतं."

"नव्हते. पण काम पुरं नाही झालं."

त्यांच्याशी वाद घालायची माझी लायकी नव्हती. नोट मुठीत धरून उठले. बायको दारापर्यंत सोडायला आली. तिच्या हातात ती नोट ठेवली आणि तिची बोटं माझ्या हातांनी मिटवली. तिने माझ्याकडे बघितलं आणि मूठ मिटलेलीच ठेवली.

तीन हजार पुरे झाले.