येशू, उतर आमच्या चिखलात

बेटेगावची भागी बोईसरच्या एका औषध कारखान्यात पाकिटं भरायची. रविवारी ती एका रिकाम्या गाळ्यात भरणाऱ्या प्रार्थनासभेला जाई. तिथली गाणी हिंदी, पडद्यावर झरझर सरकणारी. भागी चौथी शिकलेली. एक ओळ वाचून होईतो कडवं संपलेलं असे. सहा वर्षं ती नुसतेच ओठ हलवत होती.

यंदा आवणीला, म्हणजे भातलावणीला, सुटी काढून ती भावाच्या शेतात उतरली. दोन दिवस वाकून कंबर मोडली आणि तोंडातून गाणं आलं ते आवणीच्याच चालीवर:

येशू, उतर आमच्या चिखलात,
झगा मळला तं मळू दे,
रोपांची जुडी घे हातात.

सभेत पेटी वाजवणाऱ्या अपेक्षाने ते भागीच्या तोंडून ऐकलं, फोनवर घेतलं आणि सभेच्या ग्रुपवर टाकलं. कुणी हात जोडले, कुणी हसून लोळणारी चित्रं टाकली. 'हे भजन की भातलावणी?' असंही एकाने विचारलं.

पुढच्या रविवारी पास्टरांनी तिला बाजूला बोलावलं. "बहन, धुन अच्छी है. पण प्रभूला 'तू' कसं म्हणायचं? आणि चिखलात बोलवायचं? आपण हिंदीत नीट लिहून घेऊ. गायक मंडळी गातील."

"मी बापाला तूच म्हणते," भागी म्हणाली. "आन् ज्याला चिखलात बोलवायची लाज वाटंल, त्याच्याकडं मी मागू काय?"

"मग पडद्यावर येणार नाही."

"नको येऊ दे. मला कुठं तेवढं झरझर वाचता येतंय?"

गावातही सुख नव्हतं. आवणीची गाणी सुरू करून देणारी म्हातारी गोजराबाई बांधावरून ओरडली, "आमची चाल तुज्या देवाला नेलीस?"

"चाल माज्या आयशीची पण हाय. तिच्यासंगं मी पण वाकलेय."

गोजराबाई पुटपुटत निघून गेली.

त्यानंतरच्या रविवारी हिंदी गाणी संपली, पास्टर वचन वाचायला उभे राहिले, आणि मागच्या रांगेतून भागीही उठली. माईक नव्हता. पण आवाज शेतातला होता, भिंतीवर आपटून परत येणारा. पास्टरांनी हात वर केला. ती थांबली नाही. दुसऱ्या ओळीला डहाणूकडच्या दोन बायांनी सूर धरला. एकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अपेक्षाने आधी पास्टरांकडे पाहिलं, मग पेटीवर बोटं ठेवली.

गाणं संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. पास्टरांनी चष्मा पुसला आणि वचन वाचायला घेतलं.

पडद्यावर ते गाणं आजही नाही. दर रविवारी हिंदी गाणी संपली की भागी उठते. पास्टर आता तेवढा वेळ खाली बसतात.