लोपीस सरांनी सोडून दिलेला धडा

लोपीस सर गेल्याचं कळलं तेव्हा मी प्रयोगशाळेत दहावीच्या मुलींना लिटमस दाखवत होते. शिपाई दाराशी येऊन उभा राहिला, आत येईना. "काय रे?" म्हटलं, तर म्हणाला, "बाई, गिरीजहून निरोप आलाय. आपले लोपीस सर सकाळी..." पुढचं त्याला बोलवेना. खरं सांगते, मला आधी रागच आला. अहो, आदल्याच दिवशी या माणसाने माझ्या टेबलावरची स्पिरिटची बाटली न विचारता उचलून नेली होती! पन्नाशीही न गाठलेला, रोज गिरीजहून सायकल मारत येणारा माणूस असा कसा जाईल? पण गेले. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. शोकसभेत एक पाहुणे म्हणाले, "ऊर्जा कधी नष्ट होत नाही, सर आपल्यातच आहेत." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सर असते तर त्यांनी गृहस्थांना तिथेच अडवलं असतं, "वाक्य अर्धंच झालं. रूपांतर कशात झालं ते सांगा, नाहीतर बाकावर उभे राहा."

आम्ही दोघं एकाच शाळेत, एकाच वर्षी लागलो. ते भौतिकशास्त्राला, मी रसायनाला. प्रयोगशाळा एक, कपाट एक आणि त्याची किल्लीही एक, त्यामुळे भांडायला कारण शोधावं लागत नसे. "बाई, तुमच्या विषयाला वास फार," ते म्हणायचे. "आणि तुमच्या विषयाला आवाज," मी म्हणायचे. मी विरारची, त्यामुळे उशीर झाला की "आल्या विरारच्या राणीसाहेब" हे ठरलेलं. पण नववीला ते ऊर्जेचा धडा शिकवत तेव्हा मी माझा तास सोडून पोरांच्या मागोमाग जायचे. आता लिहायला हरकत नाही.

तो धडा ते वर्गात शिकवतच नसत. अख्खा वर्ग रांगेने गिरीजला, त्यांच्या घरच्या वाडीत. थोरला भाऊ बस्त्याव तिथे केळी आणि पानवेली करायचा. वडील लवकर गेले, तेव्हा बस्त्यावने शाळा सोडून वाडी धरली आणि धाकट्याला शिकवलं. वाडीत विहीर, विहिरीवर रहाट, रहाटाला डोळे बांधलेला बैल. बैल गोल फिरायचा, डब्यांची माळ पाणी घेऊन वर यायची, पाटात ओतायची आणि रिकामी होऊन खाली जायची. सर विहिरीच्या कठड्याला टेकून विचारायचे, "पाणी वर आलं. त्याच्यात स्थितिज ऊर्जा आली. कुठून आली?" बैलाकडून. "बैलात कुठून?" गवतातून. "गवतात?" उन्हातून. इथवर सगळ्यांना जमायचं. मग खरा प्रश्न यायचा. "बैलाने जेवढी दिली तेवढी सगळी पाण्यात आली का? नाही आली. मग बाकीची कुठे गेली? नाहीशी तर होता येत नाही. शोधा!" आणि पोरं शोधायची हो! कोणी आसाला हात लावून म्हणायचं, सर, गरम लागतंय. कोणी म्हणायचं, हा कुरकुर आवाज होतोय त्यात. कोणी डब्यातून परत विहिरीत सांडणारं पाणी दाखवायचं. एकदा वटारचा एक मुलगा म्हणाला, "सर, थोडी शेणात," आणि सगळे खो खो हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "याला पैकीच्या पैकी. बाकीच्यांनी लाजावं." बस्त्याव केळीच्या पानांवर सगळ्यांना उकडलेले कंद द्यायचा आणि लांबून धाकट्याकडे बघत राहायचा. तेव्हाचं त्याचं तोंड बघण्यासारखं असायचं.

पुढे वाड्यांमधून वीज आली. एका उन्हाळ्यात बस्त्यावने सरांना विचारलं की विहिरीवर मोटर बसवावी का, आणि किती अश्वशक्तीची. सरांना काय, आनंदच! विहीर किती खोल, दिवसाला पाणी किती लागतं, सगळं मांडून त्यांनी फळ्यावर गणित सोडवलं. त्या वर्षीच्या नववीला ते गणित उदाहरण म्हणून मिळालं. रहाट निम्मं काम वाया घालवतो, हे पोरांना पटवून देताना त्यांचा आवाज असा चढायचा की शेजारच्या वर्गातून निरोप यायचा. मोटर बसली. बैल विकले. मग आजूबाजूच्या वाडीवाल्यांनीही सरांकडून गणितं करून घेतली. कोणाला नाही म्हणायचा स्वभावच नव्हता त्यांचा.

काही वर्षं सगळं झकास चाललं. मग एका उन्हाळ्यात सर बाटलीतून पाणी घेऊन आले. "बाई, जरा बघता का?" एवढंच म्हणाले. मी चाचणी घेतली. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडताच पाणी दह्यासारखं पांढरं झालं, म्हणजे पाण्यात मीठ. माझाच काहीतरी घोळ झाला असेल म्हणून दुसऱ्या नळीत पुन्हा केली. तेच. त्यांना ते आधीच कळलं होतं, चवीवरून. केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या होत्या. आपल्याकडे विहिरीतलं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, पातळ थरासारखं. रहाट हळूहळू उपसायचा, बैल दमला की थांबायचा, निम्मं पाणी परत विहिरीत सांडायचं, तेवढ्यात वरचा थर पुन्हा भरून यायचा. मोटर दमत नाही. सगळ्यांच्या मोटरींनी मिळून गोडं पाणी ओढून संपवलं आणि खालून समुद्र वर आला. हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, बस्त्यावच्याही नाही, माझ्याही नाही. पण सरांनी ते सगळं एकट्याच्या डोक्यावर घेतलं.

पुढच्या जूनमध्ये वेळापत्रक लावताना ते म्हणाले, "ऊर्जेचा धडा तुम्ही घ्या. मी तुमची आम्लं-आम्लारी घेतो." मला वाटलं, एखाद्या वर्षाचं असेल. पण तेव्हापासून दर वर्षी तो धडा मीच घेत आले. पुस्तकातून, व्याख्या लिहून देत. पोरं माना डोलावायची आणि विसरायची. शेणाचं उत्तर मला कोणी कधी दिलं नाही... बस्त्यावची केळी गेली, पानवेली गेल्या. उतारवयाकडे झुकलेला माणूस वालीवच्या एका कारखान्यात रोजंदारीला लागला. सकाळी सायकलवरून शाळेत येताना सरांना तो बसच्या थांब्यावर डबा घेऊन उभा दिसायचा. दोघं एकमेकांना हात करायचे. शाळेत आल्यावर तासभर सर कोणाशी बोलत नसत.

मी गप्प बसणारी नव्हे. एकदा मधल्या सुट्टीत त्यांना धरलंच. "सर, नियम खोटा ठरला का?"

"नियम खराच आहे, बाई. मी जे वाया जातंय म्हणून पोरांना दाखवत होतो ना, त्याच्यावरच विहीर जगत होती."

"मग हेच शिकवा की! याच्याइतका मोठा धडा कुठल्या पुस्तकात आहे? न्या पोरांना वाडीत."

ते हातातला खडू फिरवत म्हणाले, "थोरल्यासमोर कुठल्या तोंडाने नेऊ? माझ्या एका गणिताने त्याची वाडी गेली. एकदा मला शिव्या घालील तरी बरं होईल. काहीच बोलत नाही तो... पुढच्या वर्षी बघू." मी दर जूनला विचारायचे, ते दर जूनला "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचे. मलाही वाटायचं, वर्षं काय, पडलीत ढीगभर.

सर गेल्याला महिना झाला, त्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मी गिरीजला गेले होते. मिस्सा झाल्यावर घरी चहा घेतला, माणसं पांगली, आणि बस्त्याव मला म्हणाला, "बाई, जरा वाडीत चला." केळीच्या जागी नुसतं गवत माजलेलं. विहिरीपाशी येऊन तो थांबला. त्याची बोली मला जमत नाही, म्हणून माझ्या मराठीत लिहिते; सरांना तो इनास म्हणतो. म्हणाला, "इनासला विचारलं त्याच्या आधीच मी मोटर सांगून आलो होतो. बैलांचं गिऱ्हाईकही ठरलं होतं. घरात शिकलेला तो एकटा, त्याला मान द्यायचा म्हणून विचारलं. तो नको म्हणाला असता तरी मी बसवलीच असती."

"मग हे त्याला सांगितलं का नाही तुम्ही?" माझा आवाज चढलाच.

"सांगितलं असतं तर वाडी मी घालवली, असं झालं असतं ना..." त्याने कठड्याजवळचं गवत उपटलं. "त्याच्यावर होतं तोवर मला झोप लागायची."

त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याचा इतका संताप आला! एक वाक्य. एवढं एक वाक्य हा माणूस बोलला असता, तर पुढच्या किती नववीच्या पोरांना लोपीस सर मिळाले असते. पण त्याच्याकडे पाहिलं आणि बोलले नाही. माझ्यापेक्षा त्यालाच ते जास्त कळलं होतं.

तो सांगत राहिला. दर रविवारी चर्चमधून परतताना सर आधी विहिरीवर यायचे. दोरीने बादली सोडायचे, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन चाखायचे आणि न बोलता घरी जायचे. मोटर काढून टाकल्यावर कधीतरी पाणी परत गोडं होईल, अशी त्यांना आशा होती. बस्त्याव ओट्यावरून बघत बसायचा. कसं आहे म्हणून त्याने कधी विचारलं नाही, आणि सरांनी कधी सांगितलं नाही.

"आता रविवारी मीच चाखतो," तो म्हणाला.

"कसं आहे?" मी विचारलं.

"थोडं गोडं लागतंय, बाई. खरंच लागतंय. पण आता सांगू कोणाला?"