चिकटपट्टी लावलेली कॅसेट

चिकटपट्टीचा गोडसर वास आला की कर्वेनगरमधली आमची मागची खोली आठवते. भिंतींना गाद्या टेकवून, पंखा बंद करून मी आणि माझा मित्र तिथे गाणी रेकॉर्ड करायचो. लोणी काळभोरकडच्या जमिनी दमदाटीने लाटणाऱ्या एका पुढाऱ्यावरची. उकाड्यामुळे खिडकी तेवढी किलकिली असायची. कॅसेटवर नाव-पत्ता नसायचा, आणि गाण्यांवर कुणी दुसरं काही भरू नये म्हणून तिच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा आम्ही मोडून टाकायचो. हातोहात फिरलेली त्यातलीच एक कॅसेट एका दुपारी आमच्याच दाराच्या कडीला पिशवीत लटकलेली सापडली. मोडलेल्या जागी, कॅसेट पुन्हा भरता यावी म्हणून लावतात तशी, चिकटपट्टी होती. “आवडली नसावीत. घरपोच परत केलीत,” मित्र म्हणाला. आम्ही ती लावली. पहिलं गाणं मध्येच तुटलं आणि आमचंच हसणं ऐकू आलं, खुर्ची सरकली, मग स्वयंपाकघरातून माझं नाव घेऊन आई म्हणाली, “चहा गार होतोय रे!” सगळं खिडकीबाहेरून भरलेलं. मित्राने माईकची वायर गुंडाळली. गाणी तिथेच संपली. आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचा आवाज फक्त त्या कॅसेटवर उरलाय, आणि ती लावायचा धीर मला अजूनही होत नाही.