सुगंधाकाकींची चूल

सुगंधाकाकी गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारायच्याच नाहीत. "कुठली शिफ्ट?" एवढंच विचारायच्या. दुसऱ्या शिफ्टच्या बायकांच्या डब्यात न सांगता एक भाकरी जास्त पडायची. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामात मी पॅकिंगला नवी लागले, तेव्हा मलाही पडली. मी नको म्हणाले, तर म्हणाल्या, "पोटाला लाज नको. उभ्याचं काम हाय तुजं."

जिथे पूर्वी त्यांचं शेत होतं तिथेच ते गोदाम उभं राहिलं होतं. नवरा गेल्यावर काकींनी गोदामाच्याच फाटकासमोर चूल मांडली. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. मी बारावी झालेली, म्हणून त्यांचे कागद मी भरायचे.

पुढे गोदामाने कामगारांच्या जेवणाचं रोजचं काम देऊ केलं. त्याला परवाना हवा आणि परवान्याला जागेचा कागद. काकींचं घर होतं दिरांच्या नावावर. दीर वाईट नव्हते. संमती देतो म्हणाले, फक्त परवाना त्यांच्या मुलाच्या नावावर काढायचा. मीही काकींना हो म्हणायला सुचवलं. त्यांनी हाताचं पीठ झटकलं. "भाकरी माजी नि नाव त्याचं? मंग मी कोन?"

मुदत आठवड्याची होती. पाच दिवस काकी भिवंडीत गाळा शोधत फिरल्या. एकट्या बाईला द्यायला कुणी तयार होईना. शेवटी फाटकाशी परकर विकणाऱ्या हसीनाबींनी स्वतःच्या नावावरची खोली उघडून दिली. तिथले यंत्रमाग त्यांनी केव्हाच विकले होते. "मशीनें बिक गईं, जगह तो है," एवढंच त्या बोलल्या. परवाना काकींच्या नावावर निघाला, काम मिळालं. गावातल्या चौघी काकींच्या हाताखाली आल्या.

पाचवी मी, भागीदार म्हणून, असं काकींच्या मनात होतं. मी पुण्याच्या ऑफिसातली नोकरी धरली. सांगायला गेले तेव्हा त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "जा. पन भूक लागली की ये."

येते येते म्हणत तीन वर्षं गेली. गेल्या चैत्रात काकी वारल्या, मला दहाव्यानंतर कळलं. खोलीवर गेले तर चौघी भाकऱ्या थापत होत्या. हसीनाबींनी ताट वाढलं. भाकरी तशीच मऊ होती. जेवले, ताट धुतलं, तरी दारातून पाय निघेना.

"कुछ रह गया क्या?" हसीनाबींनी विचारलं.

पुण्यात मला रोजच भूक लागत होती, हे काकींना सांगायचं राहिलं होतं.