उचलून धरलेली इस्त्री

इस्त्री फिरवण्याआधी आमचे इस्त्रीवाले काका शर्टाला विचारायचे, "काहून गा, इतका काहून रुसून राहिला?"

आणि थांबायचे. इस्त्री हातात उचललेली, मान जराशी कललेली, जणू शर्ट आता सांगणारच आहे. मग स्वतःशीच "बरं" म्हणून कॉलरपासून सुरुवात करायचे. साडी असली की "काहून वं?" गठ्ठ्यात कुणाचे मोजे चुकून आले तर त्यांना मात्र काही विचारत नसत. "याइचं आयकाच नाही," म्हणून बाजूला ठेवून देत.

तुमच्याही इमारतीखाली असं कुणी असेल. रोज दिसणारं, आणि नाव कधी विचारायचं राहून गेलेलं. नागपुरात जरीपटक्याजवळच्या आमच्या इमारतीत पार्किंगच्या कोपऱ्यात त्यांचं टेबल होतं. त्यावर घडी घातलेलं घोंगडं, झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली आणि कोळशाची वजनदार इस्त्री. विजेची घ्या म्हटलं की म्हणत, "ते गुमसुम राहते साहेब. हे कशी, तडतड बोलते."

बोलण्याची त्यांना फार हौस. आणि मी पडलो न बोलणारा. कपडे ठेवायचे, "संध्याकाळी" म्हणायचं आणि स्कूटर काढायची, एवढाच आमचा व्यवहार. तो एवढाच राहिला असता, पण आमची मुलगी बोलेना.

दोन वर्षं उलटून गेली होती. पाण्याला "मम्" आणि कुत्र्याला "भू", एवढेच तिचे शब्द. बायकोने ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवले होते आणि खाली बरीच जागा मोकळी सोडली होती. ती जागा तशीच राहिली. तिच्याच वयाचा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा एकदा लिफ्टमध्ये म्हणाला, "बटण मी दाबणार, तू नको दाबू." बायकोने घरी येऊन स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि बराच वेळ बंदच केला नाही. मी दारात उभा राहून म्हणालो, "माझ्यावर गेली असेल. मीही उशिराच बोललो होतो." हे खरं होतं की खोटं, मला माहीत नव्हतं. तसं मला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं.

कान तपासले. ऐकू छान येत होतं. डॉक्टर म्हणाले, काही महिने पाहू, तिच्याशी भरपूर बोला. आता घरात भरपूर बोलणारं कुणी नव्हतं, ही आमची खरी अडचण. बायको मुळातच शांत, काळजीने आणखी गप्प झालेली. आणि माझं तर सांगितलंच.

दुपारी बायको तिला खाली घेऊन जायची. मुलगी टेबलापासून चार हात लांब, उलट्या बादलीवर बसायची. ते तिचा इवलासा फ्रॉक घोंगड्यावर पसरायचे, इस्त्री उचलायचे आणि फ्रॉकला नाही, तिला विचारायचे, "काहून वं माय? इतका काहून चुरगळला?" आणि थांबायचे. इतका वेळ थांबायचे की पाहणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची. तिचे ओठ हलायचे. एकदा बायको धावत वर आली, "ती 'का' म्हणाली! नुसतं 'का', पण म्हणाली!"

मला आनंद व्हायला हवा होता. मी विचारलं, "का, की काहून?"

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी सावनेरजवळच्या खेड्यातला. नागपूरला कॉलेजात आलो त्या पहिल्या आठवड्यात वर्गात उभा राहून "मले नाही समजलं" म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. पुढे वर्षभर मला "मले" हेच नाव पडलं. त्यानंतर मी प्रत्येक वाक्य तोंडात आधी तपासून मगच बाहेर काढू लागलो. तपासायला वेळ लागतो. मग बोलणंच कमी होतं. लोकांना वाटतं, स्वभाव आहे. इस्त्रीवाले काका एकदा सहज म्हणाले होते, "तुमी सावनेरकडचे का, साहेब?" मी म्हणालो, "नाही, इथलाच."

त्यात नर्सरीचे प्रवेश जवळ आले. ऑफिसात कुणीतरी म्हणालं, मुलांच्या कानावर एकच शुद्ध भाषा पडायला हवी, नाहीतर गोंधळतात. मी तेवढं धरून बसलो. रविवारी खाली गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी लांब वाक्य बोललो.

"काका, तिच्याशी नीट मराठीत बोलत जा. तसं जमत नसेल तर बोलू नका."

त्यांनी इस्त्री उचलली. शर्टाला, साडीला, जगातल्या प्रत्येक वस्तूला विचारणारा तो माणूस मला म्हणेल, "काहून?" असं वाटलं. ते म्हणाले नाहीत. "बरं साहेब," एवढंच म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

आणि वर येऊन मी बायकोला सांगितलं, "काका म्हणतात, पोरीला खाली आणू नका. कोळशाच्या ठिणग्या उडतात."

हे खोटं मी का बोललो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बायकोने मला अडवलं असतं, हे मला माहीत होतं, एवढंच उत्तर सापडतं.

पुढे पाच महिने मी घरी शिकवणी घेतली. चित्रांचे पत्ते आणले. "म्हण बेटा, पा-णी. पा-णी म्हण. म्हण ना." ती तोंड फिरवायची. हळूहळू "मम्" म्हणायचंही तिने सोडलं, नुसतं ग्लासकडे बोट दाखवायची. कॅलेंडरच्या मागे बायकोने एका शब्दापुढे बारीक प्रश्नचिन्ह काढलं.

शेवटी वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी तासभर तिच्याशी खेळून घेतलं आणि आम्हाला विचारलं, "घरात हिच्याशी गप्पा कोण मारतं? शिकवणं नाही हं, गप्पा."

बायको म्हणाली, "आमचे इस्त्रीवाले काका मारायचे. पण त्यांनीच मग खाली आणू नका म्हटलं."

मी भिंतीवरचा हत्तीचा फोटो पाहत राहिलो.

"सोडू नका असं माणूस," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुमच्या आईशी फोनवर जसं बोलता ना, विचार न करता, तसं हिच्याशी बोला. व्याकरण ती नंतर शिकेल."

त्याच संध्याकाळी ऑफिसातून थेट पार्किंगच्या कोपऱ्यात गेलो. काय बोलायचं ते गांधीबागेच्या गर्दीपासून तोंडात जुळवत आलो होतो. "क्षमस्व" पासून सगळं. त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि त्यातलं काहीच आठवेना. तोंडातून निघालं ते असं, "काका, माह्या पोरीशी बोला ना गा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले. "आता कसे बोलले! मले तर पयलेच समजलं होतं. तुमी फोनवर मायशी बोलता ना इथं स्कूटरपाशी, आयकू येते सारं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी लपवून राहिले होते. आपण कायले उघडं पाडाव?"

दुसऱ्या दिवशी बायको मुलीला घेऊन खाली आली. मी शेजारीच होतो. तिने सरळ विचारलं, "काका, ठिणग्या उडतात म्हणून तुम्हीच नको म्हटलं होतं ना हो?" त्यांनी क्षणभर इस्त्री उचलून धरली.

"हो वं बाई. कोळसा ओला होता तेव्हा. ठिणग्या उडून राहिल्या होत्या."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मग त्यांनी मलाच कामाला लावलं. मी बादलीशेजारी उकिडवा बसून विचारायचो, "काहून वं, कुठं गेली होती?" आणि लगेच दुसरा प्रश्न टाकायचो. ते चुकचुकायचे. "दाबून राहिले तुमी तिले. विचारलं ना? आता उचलून धरा. कपड्यावर ठेवूनच दिली तं जळन नाही का?" मी थांबायला शिकलो. न बोलण्यात आणि थांबण्यात फरक आहे, हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळलं.

आठवड्यातून दोनदा त्या बाईंकडे, रोज दुपारी बादलीवर, आणि रात्री जेवताना माझं "मले-तुले". "मम्" परत आलं. "ये" आलं. "दे" आलं. पाऊस गेला, थंडी पडली. एका शनिवारी त्यांच्या घोंगड्यावर माझा पांढरा शर्ट होता. मी मुलीला म्हणालो, "चाल वं, वर जाऊ."

ती बादलीवरून हलली नाही. मान जराशी कलती केली आणि म्हणाली, "काहून?"

स्पष्ट. पुरा. शेवटच्या "न"सकट.

मी, बायको, काका, तिघंही जागच्या जागी थिजलो. आणि मग कसला तरी वास आला. ज्यांनी उभ्या हयातीत कुणाचा रुमाल जाळला नव्हता, त्यांच्या हातून इस्त्री माझ्या शर्टावर तशीच राहिली होती. पाठीवर तिचा तपकिरी, टोकदार ठसा. "अरे माय माय माय!" ते कळवळले. बायको हसत होती आणि रडत होती. मुलगी ठशाकडे बोट दाखवून पुन्हा म्हणाली, "काहून?"

नवीन शर्ट देतो म्हणून ते हटून बसले. मी म्हणालो, "काका, हाच ठेवतो." त्या दिवशी तरी मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. "संध्याकाळी" म्हणायची सवय असलेला माणूस, उद्या म्हणून टाळत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि काका आपल्या लेकीकडे राहायला गेले. गेल्या उन्हाळ्यात तिथेच वारले. बातमी वॉचमनने सांगितली. त्या कोपऱ्यात आता एक मोटारसायकल उभी असते.

मुलगी नऊ वर्षांची झाली. आता ती थांबत नाही, आम्हालाच थांबवावं लागतं. परवा कपाट आवरताना तिला तो शर्ट सापडला. बायको पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलीने शर्ट उलगडला, ठशावर तळवा ठेवला.

"बाबा, हा जळका शर्ट काहून ठेवला?"

आणि ती थांबली. मान जराशी कललेली. ही सवय तिला कुणाची, हे तिला ठाऊकही नाही.

मी सांगितलं. सगळं, तो रविवार आणि ठिणग्यांसकट, बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात. ती घडी घालायची थांबली होती. मी दुसरं वाक्य जोडलं नाही.

मग बायको म्हणाली, "ओला कोळसा म्हणे!" आणि तो शर्ट मुलीच्या हातून घेऊन, ठसा वर येईल अशी नीट घडी घालून, माझ्या शर्टांच्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवला.